दिवाळी पहाटेचं ध्वनिमुद्रण: विलंबितात टाळी नकोच

मध्यम

गेल्या वर्षीच्या एका दिवाळी पहाटेचं ध्वनिमुद्रण परवा यूट्यूबवर सापडलं. त्या मैफलीला मी तिसऱ्या रांगेत होतो. ललत हा पहाटेचा राग फार सुंदर झाला होता, एवढं पक्कं आठवत होतं. घरी हेडफोन लावून ऐकला आणि जीव हळहळला.

ललतात पंचम (प) नाही. शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम (म) एकाला लागून एक येतात आणि सगळा राग त्यांच्यावर उभा राहतो. तंबोरासुद्धा मध्यमात जुळवतात. गायिका विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या एकतालात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आली आणि कुणीतरी टाळी वाजवली. एकाने वाजवली की सगळे वाजवतात. नऊ सेकंद टाळ्या! विलंबितात त्या जवळजवळ दोन मात्रा झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा ती गंधारावर (ग) पोचली होती. मधला मध्यमाचा ठेहराव गेला. तासाभरात असं सहा वेळा झालंय.

एवढं का लागलं ते सांगतो. पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, पहाटे बसल्या जागी ललत, भटियार, तोडी कानावर पडायचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण बारा म्हणजे काही पहाट नव्हे. समोर बसून पहाटेचे राग ऐकायला आता दिवाळी पहाट आणि अशा मोजक्याच जागा उरल्यात. तिथलं ध्वनिमुद्रण हाच पुढच्यांसाठीचा ठेवा. माझं म्हणणं साधं आहे: मनापासून 'वा' म्हणा, मान डोलवा, पण टाळी बंदिश संपल्यावर द्या. तीही तंबोरा क्षणभर ऐकून.

ठेका

अजिबात पटलं नाही. मी वीस वर्षं तबल्याची साथ करतोय. समोरचे श्रोते गप्प बसले की मंचावर हात गार पडतात, हे तिसऱ्या रांगेतून कळत नाही. आकाशवाणीकडे स्टुडिओ होतेच की, तरी १९५४ पासून त्यांनी संगीत संमेलनं निमंत्रित श्रोत्यांसमोर घेतली. समोर माणूस बसला की गाणं वेगळं होतं, म्हणूनच ना?

आणि दिवाळी पहाटेला कोण येतं ते बघा. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, पोरांना घेऊन माणसं येतात. त्यातल्या कितीतरी जणांनी ललत जन्मात पहिल्यांदा ऐकलेला असतो. त्यांना सम कळली आणि आनंदाने त्यांनी टाळी दिली, यात तुमचा ठेवा बुडतो? त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलंत तर पुढच्या वर्षी ती माणसं येणार नाहीत.

मध्यम

त्यांना सम कळली याचा मलाही आनंदच आहे. पण समोर श्रोता असल्याशिवाय गाणं होत नाही, हे मान्य नाही. जुन्या काळचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या काढा. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, समोर टाळी द्यायला कुणी नाही, आणि झिंझोटीतली ती ठुमरी आजही डोळ्यांत पाणी आणते.

ठेका

खाँसाहेबांचं उदाहरण देऊन आम्हा सगळ्यांना गप्प करू नका. त्या तबकड्यांत वेळेअभावी काय काय राहून गेलं असेल, त्याचाही विचार करा.

फेडर

मैफलींचं ध्वनिमुद्रण हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं सांगतो. लोकांना वाटतं, टाळ्या नंतर काढून टाकता येतात. येत नाहीत. श्रोत्यांकडे तोंड करून लावलेले माइक आम्ही खाली घेऊ शकतो, पण गायकाच्या माइकमध्येही टाळी शिरलेली असते. ती सॉफ्टवेअरने खरवडायला गेलं की तंबोरा पत्र्यासारखा वाजायला लागतो. षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार सगळ्यात आधी जातो. विलंबितात आवाज बारीक असतो म्हणून पातळी वाढवावी, तर खोकले आणि चिवड्याच्या पिशव्याही वाढतात.

'वा'चा मात्र कधीच त्रास होत नाही. तो एका माणसाचा आवाज असतो, सुराच्या बाजूने निघून जातो. टाळ्या सगळं झाकतात.

माझा खरा राग मात्र आयोजकांवर आहे. साडेपाचची वेळ देऊन सव्वासहापर्यंत पुरस्कर्त्यांचे सत्कार चालतात. ललत सुरू होतो तेव्हा उजाडलेलं असतं. निवेदक मधूनमधून 'टाळ्या झाल्या पाहिजेत' म्हणत राहतो. लोकांना ही सवय मंचावरूनच लागली आहे.

ठेका

हे शंभर टक्के खरं. निवेदकाने मागितलेल्या टाळीने आम्हालाही काही मिळत नाही. विलंबितातल्या टाळीचं एकवेळ सोडून देतो. द्रुत (जलद) तीनतालात तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, जमून आली की मात्र टाळी हवीच. तिथे 'वा'ने माझं भागत नाही.

उंबरठा

तुम्ही कुणी मोबाइलवाल्यांबद्दल बोलला नाहीत, म्हणून मीच सांगते. मी कार्यक्रमात फोनवर ध्वनिमुद्रण करते. आई दोन वर्षं अंथरुणावर आहे, पूर्वी ती एकही पहाट चुकवायची नाही. पडदा काळा करून फोन मांडीवर उलटा ठेवते, वर धरत नाही. स्वतःपुरतं केलेलं ध्वनिमुद्रण कॉपीराइट कायद्यातही चालतं, कलम ३९ मध्ये तशी सूट आहे. कलाकाराला न विचारता ते जगजाहीर करणं वेगळं, ते मी करत नाही.

मध्यम, तुम्ही म्हणता ती बागेतली मैफल का, गायिका हिरव्या नऊवारीत होती ती? मी डाव्या स्पीकरच्या अगदी खाली बसले होते. आत्ता लावून बघितलं. टाळ्या आहेत, पण स्पीकर जवळ असल्यामुळे त्यांच्यातून मध्यम ऐकू येतो. पहिल्या टाळ्या सुरू झाल्यावर तिने तो लगेच सोडलेलाच नाही, आणखी भरून लावलाय.

मध्यम

हो, तीच मैफल. ती नऊ सेकंदं ऐकायला तुमच्याकडे आलो तर चालेल का? आईंची हरकत नसेल तर, त्यांच्यासोबत बसूनच ऐकीन.