'अ‍ॅनाबाप्टिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

लिंबूटिंबू: युरोपच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात सोळाव्या शतकातला एक ख्रिस्ती पंथ येतो: बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने करायचा संस्कार) मोठेपणीच घ्यावा म्हणणारा. त्याच्या नावासाठी, म्हणजे 'अ‍ॅनाबाप्टिस्ट'साठी 'पुनर्बाप्तिस्मावादी' लिहिलं, तर वाचणाऱ्याने पहिल्याच ओळीला दम टाकला. शब्द बरोबर आहे ना? की दुसरा आहे?

जुनीवही: शब्दशः बरोबर आहे. ग्रीकमध्ये 'बाप्टिझो' म्हणजे बुडवणं आणि 'अना' म्हणजे पुन्हा. पण हे नाव विरोधकांनी चिकटवलेलं आहे. त्या लोकांच्या मते तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे. मग 'पुन्हा' कुठून आलं?

आणि ही नुसती टिंगल नव्हती, गुन्ह्याचं कलम होतं. जानेवारी १५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नगरसभेने फर्मान काढलं, की बाळांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत उरका, नाहीतर शहर सोडा. लगेच २१ तारखेला या पंथाच्या फेलिक्स मान्झच्या घरी त्याचे साथीदार जमले आणि कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी, ५ जानेवारी १५२७ ला, मान्झचे हात गुडघ्यांवरून बांधून, मध्ये काठी अडकवून त्याला लिम्माट नदीत बुडवलं. 'बुडवणं' हा धात्वर्थ असा वसूल केला! १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या राजसभेने साऱ्या पवित्र रोमन साम्राज्यात या 'पुन्हा'ला देहदंड ठरवला. त्यासाठी आधार काढला तो हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कायद्याचा. म्हणून तुमच्या शब्दातला 'पुनर्' मला खटकतो. तो फिर्यादीच्या बाजूने बोलतो.

वसईकर: आम्ही कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतो. त्या धर्तीवर 'प्रौढस्नानवादी'?

जुनीवही: अर्थ नेमका, पण कानाला हमामखाना वाटतो. :)

लिंबूटिंबू: पण सुरुवातीला सगळे मोठेपणीच घेत होते ना? मग हे लोक मूळ रीतीकडेच परतले म्हणायचं.

वसईकर: इतकं सरळ नाही. इ.स. २००च्या आसपास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन 'लहानग्यांना घाई कशाला?' असा वाद घालतो. म्हणजे तेव्हा कुणीतरी लहानग्यांना देत होतं. उलट संत ऑगस्टिनची आई ख्रिस्ती, तरी त्याने ३८७ मध्ये घेतला, बत्तीस वर्षांचा झाल्यावर. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने तर ३३७ मध्ये मरणाच्या दारात. दोन्ही रीती नांदत होत्या. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केलं आणि पुढे गावात जन्मला तो मंडळीतच (ख्रिस्ती समुदायातच) जन्मला, असा हिशेब होत गेला.

जुनीवही: 'मंडळी'वरून आठवलं. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमलेली माणसं. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात अक्विला आणि प्रिस्का यांच्या घरातली मंडळी भेटते, तिथे इमारत नाहीच. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात 'इगर्ज' झाला, हिंदीत 'गिरजाघर'. माणसांची वास्तू झाली! मराठी बायबलने 'मंडळी' ठेवलं, हे मला फार आवडतं. सोळाव्या शतकातलं भांडण पाणी किती याचं नव्हतंच (ग्रेबेलनेही डोक्यावर ओतलंच असणार, घरात कुठली नदी!). मंडळीत माणूस येतो कसा, जन्माने की स्वतःच्या तोंडाने मागून, हे ते भांडण.

लिंबूटिंबू: मग लिहू काय?

जुनीवही: 'अ‍ॅनाबाप्टिस्ट' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा. लेख १५३४-३५च्या जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरापर्यंत जात असेल तर जपून. तिथे काही अ‍ॅनाबाप्टिस्टांनी तलवारीच्या जोरावर शहर ताब्यात ठेवलं आणि नाव कायमचं बदनाम झालं. तलवार नाकारणाऱ्यांपैकी बरेच पुढे त्यांचा पुढारी मेन्नो सिमन्स याच्या नावाने 'मेनोनाइट' झाले.

वसईकर: आणि क्रियापद जपा. माझ्या भाचीचा बाप्तिस्मा 'झाला', ती तेव्हा दीड महिन्याची. ब्लाउरॉकने तो 'घेतला'. लेखात 'झाला' लिहिलंत, तर तुम्ही नगरसभेच्या बाकावर जाऊन बसलात.