केऑटिक न्यूट्रलला मराठीत काय म्हणायचं?

वीसबाजू_फासा: भाच्याला आणि त्याच्या मित्रांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) शिकवतोय, मराठीतून, म्हणून कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागदही मराठीत करायला घेतला. तलवार, ढाल, मंत्र सगळं झालं, अलाइनमेंटपाशी (पात्र नियम पाळणारं की मनमानी, चांगलं की वाईट, ते सांगणारा रकाना) अडलो. 'वृत्ती' असं लिहून खाली लॉफुल गुडला 'नियमनिष्ठ सज्जन' आणि केऑटिक न्यूट्रलला 'स्वैर तटस्थ' केलं. झालं! रविवारी भाच्याच्या चोर पात्राने झोपलेल्या क्लेरिकच्या (जखमा भरणारा पुजारी) पिशवीतली जखम भरायची बाटली ढापली, सगळ्या पार्टीत, म्हणजे टोळीत, ती एकच होती, आणि वर मला म्हणतो मामा, तूच लिहिलंयस ना स्वैर. आता शब्द बदलू का भाचा?

उंबरठा: भाचा. आमची शीट इंग्रजीत होती तरी हेच रडगाणं. 'माझं कॅरेक्टर असंच वागेल' असं कोणी म्हणालं की आपली पिशवी चाचपायची. बाकी स्वैर म्हणजे स्व + ईर, आपल्या मनाने चालणारा, एवढंच. स्वैराचाराने बिचारा शब्द बदनाम केला.

काठावरचा: आणि तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. तो दुसऱ्याच्या पिशवीत हात घालत नाही हो. सरळ 'दुष्ट' लिहा शीटवर, बघा कसा बाटली परत करतो.

जुना_डीएम: मुळात 'वृत्ती' हाच घोळ आहे. १९७४ च्या पहिल्या खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस एवढे तीनच होते, म्हणजे तू कोणाच्या बाजूचा, बास. चांगलं-वाईट जोडून नऊ घरं झाली ती १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात, आणि तेव्हापासून पोरं त्याला स्वभावाचं सर्टिफिकेट समजायला लागली. मी 'पक्ष' म्हणेन.

उंबरठा: पक्ष नको! महाराष्ट्रातली पोरं आहेत, दर रविवारी बदलतील.

जुना_डीएम: 😀 जुन्या नियमात पॅलाडिनने (धर्मयोद्धा) लॉफुल गुड सोडलं की शक्ती जायच्या. इथे उलटं.

काठावरचा: पॅलाडिनचं तर विचारूच नका. आमच्याकडे एक नियमावर बोट ठेवणारा होता, कैद्याला सोडवायला गेलो तर हा पहारेकऱ्याला आमची नावं सांगून मोकळा, का तर खोटं बोलायचं नाही.

कृष्णाकाठ: इंग्रजीच्या मागे कशाला धावताय, केऑटिकला आपला अनागोंदी आहे की. तुंगभद्रेपलीकडचं आनेगुंदी, हंपीसमोरचं. १५६५ नंतर विजयनगर बुडालं तरी तिथले राजे थाटात हुकूम काढत राहिले, त्यावरून आला, असं आजोबा सांगायचे.

उंबरठा: अनागोंदी कारभाराला लागतं, माणसाला नाही. 'अनागोंदी चोर' कोण म्हणतं?

कृष्णाकाठ: सांगलीत सर्रास म्हणतात, लई अनागोंदी माणूस.

वीसबाजू_फासा: अहो पण बाटलीचं काय करू? परवा परत खेळायचंय.

काठावरचा: मी सांगलीचाच, जन्मात ऐकलं नाही. मिरजेत म्हणत असतील.

कृष्णाकाठ: मिरज काय वेगळं आहे का, महापालिका एकच.

काठावरचा: महापालिका एक झाली म्हणून मिरज सांगली होत नाही!!