जर्मनीत आयजीपी (कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचा खेळ) हौस म्हणून सुरू करायचंय, सुरुवात कुठून?

नेकरकाठी
मुक्काम स्टुटगार्टजवळ. अकरा महिन्यांची जर्मन शेफर्ड आहे, अंगात दम भरपूर. ऑफिसबाहेर फारशा ओळखी नाहीत, म्हणून कुत्र्यांच्या क्लबात जायचा विचार आहे. क्लब निवडताना काय बघायचं? आत्तापासून घरी काय शिकवता येईल? आणि चावायला शिकवल्यावर घरी पाहुणे आले की धोका नाही ना? जर्मन जेमतेम बोलतो.

पाऊलखूण
आधी आराखडा सांगतो. २०१९ पूर्वी याला आयपीओ म्हणत, त्याआधी शुट्सहुंड. तीन भाग: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकी १०० गुण, आणि प्रत्येकात किमान ७० हवेत. दोन भागांत नव्वदी गाठून तिसऱ्यात ६८ पडले तरी नापास.

त्याआधी बीएच ही सोबतीच्या कुत्र्याची मूलभूत परीक्षा. कुत्र्याचं वय किमान १५ महिने लागतं. पहिल्यांदा बसणाऱ्या मालकाला लेखी परीक्षाही असते, ती जर्मनमध्ये, तेव्हा तयारी आत्ताच सुरू करा. थोडक्यात, हातात निदान चार महिने आहेत. घाई नको. शेफर्डच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे बारा महिन्यांनंतर काढतात. ते पाहिल्याशिवाय उंच उड्या बंद.

घरी करण्यासारखं म्हणजे माग. त्याला ना क्लब लागतो ना हेल्फर (संरक्षणाच्या भागात हातावर जाड बाही चढवून कुत्र्यासमोर उभा राहणारा मदतनीस), फक्त शेतकऱ्याची परवानगी. सकाळची ओलसर नांगरलेली जमीन किंवा आखूड गवत बघा. कुत्री उपाशी हवी. वारा तुमच्या पाठीवर घेऊन सरळ वीस-तीस पावलं चाला, पावलाला पाऊल जवळजवळ चिकटवून, आणि प्रत्येक ठशात सॉसेजचा नखाएवढा तुकडा ठेवा. वारा समोरून असेल तर तिला पुढचा वास हवेतच मिळतो, डोकं वर येतं, आणि ती ठसे सोडून धावत सुटते.

नवखे लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक, कुत्री दोन-चार वेळा नीट गेली की खाऊ कमी करतात. मग वेग वाढतो आणि पहिल्याच वळणावर ती सरळ पुढे निघून जाते. वळणाआधीची आणि नंतरची पाच-सहा पावलं तर कधीच रिकामी ठेवू नका. दुसरी चूक म्हणजे आपण कुठून चाललो ते मालकच विसरतो, आणि बरोबर जाणाऱ्या कुत्रीला दोरीने ओढून चुकवतो. समोरचं झाड, खांब धरून चाला, वळणं कागदावर काढून घ्या. परीक्षेत दोरी १० मीटरची असते. सुरुवातीला एक-दीड मीटर अंतर बास. वाटेतल्या वस्तू (चामडं, लाकूड, कापड) सापडल्यावर खाली बसून दाखवणं घरात वेगळं शिकवा, मागावर नको.

बाहीवाला
चावण्याबद्दल. कुत्री माणसाला नाही, बाहीला धरते. तिच्या लेखी तो खेळ असतो, अर्थात नीट शिकवला तर. 'नीट' हे हेल्फरवर अवलंबून. म्हणून क्लब निवडताना जिंकलेले कप पाहू नका, हेल्फर पाहा. कुत्रं बिचकलं तर तो मागे सरतो का? तोंडभर घट्ट पकड आली की लगेच बाही सोडून देतो का? तरुण कुत्र्याला भीती दाखवून भुंकायला लावत असेल तर तिथून निघा. काट्यांचा पट्टा वापरणाऱ्यांकडेही थांबू नका. १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात तो कायद्याने बंद आहे.

घरी बाही आणू नका, पाहुण्यांसोबत ओढाओढीचे खेळ नकोत. सोडण्याची आज्ञा मात्र घरीच पक्की करा, साध्या चिंधीवर: चिंधी तुमच्या हातात निश्चल, सोडली की लगेच पुन्हा खेळ. सोडणं म्हणजे खेळ संपणं असं कुत्रीच्या डोक्यात बसलं, की मैदानावर ती सोडतच नाही. घाबरट किंवा माणसांवर गुरगुरणारी कुत्री असेल तर हा भाग सोडून द्या. नुसत्या मागाच्या वेगळ्या परीक्षा असतात.

नेकरकाठी
बिचकत नाही, उलट सगळ्यांच्या अंगावर उड्या मारते! पण क्लबातल्या लोकांत मिसळायचं कसं?

कॉफीकेक
पहिल्या खेपेला कुत्री गाडीत (सावलीत, खिडक्या उघड्या) आणि तुम्ही मैदानावर. सगळ्यांशी हात मिळवून नाव सांगायचं. लसीकरणाची वही आणि दायित्व विम्याचा कागद जवळ ठेवा, बहुतेक क्लब मागतात.

हे आधीच समजून घ्या: तीन-चार तासांत तुमच्या कुत्रीची पाळी जेमतेम पंधरा मिनिटांची. उरलेला वेळ दुसऱ्यांसाठी. आज्ञापालनात कुत्रं माणसांच्या घोळक्यातून चालवावं लागतं, त्या घोळक्यात उभं राहायला माणसं लागतात. कुणाचा माग आखून द्यायचा असतो, गवत कापायचं असतं. आपली पाळी झाली की निघून जाणारा तिथे वर्षभर परकाच राहतो. जो शेवटपर्यंत थांबतो त्याला क्लबघरात कॉफी मिळते, भाषा कच्ची असली तरी.

आज्ञा मराठीत दिल्या तरी चालतात. प्रत्येक कृतीला एकच शब्द, परीक्षेतही तोच. घरात दिवसभर कानावर पडणारा शब्द मात्र निवडू नका.