फी माफ झाली तरी मुली मधेच शाळा का सोडतात?

प्रश्न:
गरीब देशांतल्या मुलींच्या शिक्षणावर प्रेझेंटेशन करतेय. प्राथमिकची फी बऱ्याच देशांत माफ झालीये, केनियात तर २००३ पासून. तरी पुढे मुलींची गळती चालूच. मग नेमकं अडतं कुठे? आणि कशाने खरंच फरक पडला? "जनजागृती करा" सोडून काहीही सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
आधी अंतर बघा. प्राथमिक शाळा गावात असते, हायस्कूल नसतं, मग रोज पाच-सहा किलोमीटर जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं म्हटलं की घरचे मुलीलाच थांबवतात, मुलाला नाही. बिहारने २००६ मधे नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, त्यावरच्या अभ्यासात मुलींचे हायस्कूलचे प्रवेश साधारण ३० टक्क्यांनी वाढलेले दिसले आणि जास्त फायदा शाळा लांब असलेल्या गावांना झाला. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात गावातच शाळा काढून बघितली तर मुलगे-मुलींच्या पटातला फरक जवळपास मिटला होता.

प्रतिसाद २:
अंतर खरंय, पण लग्नाचं काय? बांगलादेशात १९९४ पासून ग्रामीण भागात सहावी ते दहावीच्या मुलींना स्टायपेंड होता, अटी तीन, ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के मार्क आणि दहावीपर्यंत लग्न नाही. पैसे मुलीच्याच बँक खात्यात. मला तिसरी अट फार मोलाची वाटते, कारण स्थळ आलं की आईला "आत्ता नको, स्टायपेंड बंद होईल" म्हणायला तरी काही मिळतं. बालविवाह त्याने संपले नाहीत हेही तितकंच खरं.

प्रतिसाद ३:
सॅनिटरी पॅड वाटले की झालं असं कृपया लिहू नका. नेपाळमधे मुलींना मेन्स्ट्रुअल कप (पाळीत पॅडऐवजी वापरायचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे) देऊन बघितले, हजेरीत फारसा फरक पडला नाही. टॉयलेटच्या दाराला कडी नाही, आत पाणी नाही, म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिता बसणारी मुलगी, तिला नुसत्या पॅडने काय होणार? आणि नियमही बघा, गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी होती ती सिएरा लिओनने २०२० ला उठवली, टांझानियाने २०२१ ला.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे, कडीचं तर डोक्यातच नव्हतं. पण अफगाणिस्तानात आता सहावीनंतर बंदीच आहे ना, तिथे काय करणार?

प्रतिसाद १:
हो, २०२१ पासून. तिथे सायकल, स्टायपेंड काही कामाचं नाही. कुणाच्या तरी घरात गुपचूप वर्ग भरतात, कुणी रेडिओवर, कुणी ऑनलाइन शिकतंय. पण दहावी-बारावीचं सर्टिफिकेट कोण देणार, तिथे गाडी अडते.