उघडत नाही म्हणून लायब्ररीच मोडायची?

जांबोटीकर:
पाऊस लागल्यापासून तिसऱ्यांदा तेच. विंडोजवर आयट्यून्स (ॲपलचा गाणी लावायचा प्रोग्राम) उघडायला गेलं की लायब्ररीची, म्हणजे त्यातल्या गाण्यांच्या यादीची, .आयटीएल फाईल वाचता येत नाही अशी पाटी येते, पुढं काही नाही. गाणी शाबूत आहेत, एकेक उघडली की वाजतात. घरचे म्हणतात, काढून टाक ती लायब्ररी, फोल्डर लाव आणि ऐक. मला ते अजिबात पटत नाही. वडिलांनी धारवाड आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या कॅसेटी मी दोन वर्षं बसून संगणकावर घेतल्या. कार्डांवर अर्धी नावं कानडीत, अर्धी मराठीत. मल्लिकार्जुन मन्सूर दोन लिप्यांत आले की यादीत दोन वेगळे गायक दिसतात. ते सगळे जुळवले, राग लावले. एका कार्डावर वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘जौनपुरी. मधे लाईट गेली.’ तेसुद्धा शेऱ्यात घातलं. ही यादी वाचवायलाच हवी.

निपाणीहून:
दादा, राग मानू नका, पण तीनदा पडलेली भिंत चौथ्यांदा लिंपून काय हाती लागणार? मी लायब्ररी सोडली. गायकाचा फोल्डर, आत राग, बाकी फाईलीच्या नावात. व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकलं की वाजतं, संगणक बदलला तरी अडत नाही. गायक, राग, शेरा हे टॅगमध्ये, म्हणजे फाईलीच्या पोटातच असतं. यादी गेली तर जातात ते दिलेले तारे, किती वेळा ऐकलं तो आकडा आणि प्लेलिस्ट. त्यासाठी एवढा जीव का काढायचा?

खानापूर स्टेशन रोड:
एमपीथ्रीला हे खरं. कॅसेटी वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या मोठ्या फाईलींत, घेतल्या असतील तर नाही. वेव्ह फाईलीत आयट्यून्स टॅग लिहीतच नाही, नाव-राग सगळं फक्त लायब्ररीत. ती टाकली तर ‘ट्रॅक 07’ हातात येणार. जांबोटीकर, फॉरमॅट कुठला? आणि डिस्क कसली?

जांबोटीकर:
वेव्हच. साठ मिनिटांची एक कॅसेट 600 एमबीच्या घरात जाते, म्हणून लायब्ररीसकट सगळं बाहेरच्या मोठ्या डिस्कवर. तिला वेगळा अडॅप्टर आहे.

खानापूर स्टेशन रोड:
मग दुखणं तिथंच असणार. आपल्याकडं पावसात लाईट दिवसातून कितीदा जाते ते सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र त्याच क्षणी बंद. यादी लिहिली जात असताना तसं झालं की फाईल अर्धवट राहते. डिस्कवरच्या फाईलींची मांडणी एक्सफॅट पद्धतीची असेल तर आणखी नाजूक, कारण त्यात विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीसारखी बदलांची नोंदवही नसते.

आधी खराब फाईल बाजूला ठेवा, पुसू नका. आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ बघा, तारखेच्या जुन्या प्रती असतात. ताजी प्रत लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर नव्या फोल्डरात ठेवा, तिला ‘आयट्यून्स लायब्ररी.आयटीएल’ हेच नाव द्या. शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडलं की कुठली लायब्ररी ते विचारतं, तिथं हा फोल्डर दाखवा. गाणी बाहेरच राहू देत, डिस्कचं ड्राइव्ह अक्षर (डी, ई वगैरे) तेवढं पूर्वीचंच हवं.

निपाणीहून:
वेव्हचं मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेतो. पण मूळ म्हणणं कायम. ज्या कामाला दोन वर्षं लागली ते एका फाईलीच्या भरवशावर ठेवणंच चूक. लायब्ररी उघडली की त्याच दिवशी सगळं ॲपल लॉसलेस फॉरमॅटमध्ये करा. आवाज तोच, जागा कमी, आणि नाव-राग फाईलीत उतरतात. मग लायब्ररी राहो न राहो.

जांबोटीकर:
उघडली! प्रत मार्चची निघाली. या प्रती प्रोग्राम अपडेट होताना पडतात म्हणे, त्यामुळं नंतरच्या अकरा कॅसेटी नाहीत. त्या कार्डं बघून पुन्हा भरतो. लॉसलेसचं निपाणीकरांचं ऐकतो, रूपांतर लावलंय. पण लायब्ररी सोडणार नाही. सकाळचे राग एका ओळीत लावलेत, वडील ज्या क्रमानं कॅसेटी काढायचे त्या क्रमानं. तो क्रम कुठल्या फाईलीच्या पोटात बसणार?

निपाणीहून:
ती प्लेलिस्ट एम३यू म्हणून एक्स्पोर्ट करा. साधी मजकूर फाईल असते, नोटपॅडमध्येही उघडते. क्रम जसाच्या तसा राहतो.

जांबोटीकर:
करतो. जौनपुरी आताच झाली, शेरा आत आलाय.