नंदीध्वजाच्या चित्रांचे प्रिंट बिघडतायत, काय करू?

रेषावेडी: गड्ड्याच्या यात्रेतल्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या सात नंदीध्वजांची (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) डिजिटल चित्रं काढलीयत, लोक प्रिंट मागतायत म्हणून सोलापुरातच एका दुकानातून ए३ काढून आणला तर बाराबंदीचा (मानकऱ्यांचा बंदांचा अंगरखा) पांढरा निळसर आणि भंडाऱ्याचा पिवळा पार मळकट, स्क्रीनवर तर झकास दिसत होतं ओ. दुकानदार म्हणतो फाईलच तशी आहे. आणि किंमत किती लावू?

कागदकिडा: स्क्रीनची ब्राइटनेस किती ठेवतेस? फुल असेल तर प्रिंट मळकटच वाटणार. फाईल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए३ म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल हवी, छोटी फाईल ताणू नको. लग्नपत्रिकावाल्याकडे लेझर मशीन असतं, त्याचा टोनर (शाईची पूड) कागदावर चमकतो. पिगमेंट इंकवाला (रंगकणांची शाई) इंकजेट शोध, कागद कॉटनचा, ॲसिड-फ्री (लवकर पिवळा न पडणारा). पांढरा म्हणजे शेवटी कागदाचाच रंग, त्यामुळे आधी कागद हातात घेऊन बघ. आणि त्यांच्याकडून कागदाचा आयसीसी प्रोफाईल (त्या मशीन-कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाईल) माग, तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान.

जुनी पेठ: आधी चित्राचे चार तुकडे एका ए४ वर काढून उन्हात नेऊन बघ, ट्यूबलाइटखाली सगळंच निळं दिसतं. मी २५ चीच आवृत्ती काढते, खाली पेन्सिलने ३/२५ (पंचवीसातला तिसरा) असं लिहून सही, २६वा काढायचा नाही म्हणजे नाही. किमतीत पुठ्ठ्याची नळी, कुरिअर आणि वाया गेलेले प्रिंट धर, मी आधी धरले नव्हते, घरचेच पैसे गेले.

रेषावेडी: ब्राइटनेस फुलच होती 😅 उद्या ए४ काढते.