शाळेत चारशे धावा काढणारी पोरं पुढे जातात कुठे?

मैदानी:
कालपासून पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "शाळेत एका डावात तीनशे-चारशे धावा काढणाऱ्यांचं पुढे काय होतं? कांबळी बघा, धनावडे बघा, शॉ बघा. हॅरिस शील्ड ही शाळाशाळांतली स्पर्धा आईबापांचं व्यसन आहे. पोराला दहावीच्या क्लासला घाला." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं तर लिफ्टमध्ये भेटल्यावर पंचाईत, म्हणून इथे लिहितोय.

आधी नावं निवडण्यातली लबाडी. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या दोघांची ती ६६४ धावांची भागीदारी झाली. कांबळी नाबाद ३४९, दुसरा नाबाद ३२६. त्या दुसऱ्याचं, सचिनचं, नाव पोस्टीत नाही! बरं, कांबळीचं तरी काय? १७ कसोटी, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतकं. यापेक्षा बरी सरासरी असलेला कोणी अंगठा देणाऱ्यांत असेल तर त्याने हात वर करावा.

त्याच सामन्यात पॅड बांधून नुसता बसून राहिलेला अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथमश्रेणीत ११,१६७ धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. पोस्टकर्त्याच्या हिशेबाने तोही फुकट गेला. २०२५ मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण होता ते बघा.

आता खरा मुद्दा. एकच शाळा, रिझवी. एकच स्पर्धा, हॅरिस. सरफराज खानने २००९ मध्ये बाराव्या वर्षी ४३९ केले, पृथ्वी शॉने २०१३ मध्ये ५४६. पृथ्वी अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक ठोकून बसला, पाच कसोट्यांवर अडकला आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतलंच नाही. सरफराज वर्षानुवर्षं रणजीत धावांचा ढीग घालत राहिला, टोपी मिळाली २०२४ मध्ये. त्या दोन स्कोअरबुकांवरून कोण कुठे जाणार हे कोणाला सांगता आलं असतं? चारशे धावा म्हणजे त्या दिवशी पोराला कोणी आऊट करू शकलं नाही, एवढंच. त्यावरून "पुढचा सचिन" म्हणणारे जेवढे अडाणी, तेवढेच "बघा, वाया गेला" म्हणणारे.

खडूस_अंधेरी:
पोस्ट माझी नाही, पण सही करायला तयार आहे. तुम्ही तरी वेगळं काय केलंत? सचिन, मुझुमदार, सरफराज, सगळी पेपरात आलेलीच नावं. न आलेल्यांचं बोला.

माझा भाचा. गाइल्स शील्डमध्ये, म्हणजे लहान पोरांच्या शालेय स्पर्धेत, दीडशे, मग दोनशे. एका नावाजलेल्या शाळेने स्वतः फोन केला. फी माफ, किट फुकट. नववीत वर्गात किती बसला ते विचारूच नका, हजेरी शाळाच लावायची. सोळा वर्षांखालच्या संघात राखीव म्हणून, एकोणीसमध्ये निवडच नाही. झालं. अठराव्या वर्षी हातात दहावीचे ४८ टक्के आणि घरात कपाटभर कप. सकाळी नेट आणि दुपारी मॅच असलेल्या पोराला अभ्यास कधी करायचा, हे त्या फोन करणाऱ्या सरांनी कधी सांगितलं नाही. "पोराचा एक दिवस होता" असं तुम्ही इथे बसून म्हणा. आमच्या ताईने सात-आठ वर्षं पहाटे चारला उठून डबे केलेत.

टाइम्स_शील्ड:
खडूस, तुमच्या भाच्याचं वाईट वाटतं, पण दोष क्रिकेटच्या गळ्यात घालू नका. आमच्या वेळी असा पोरगा रिकामा राहत नव्हता. गावसकर निरलॉन कंपनीच्या संघाचे, वेंगसरकर टाटांच्या, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्यामागे जी फळी होती, रणजीपर्यंतही न पोचलेली, तीसुद्धा मफतलाल, एसीसी, बँका, रेल्वे यांत नोकरीला चिकटायची. शनिवार-रविवार मॅच, बाकी दिवस टेबल, शेवटी पेन्शन. शाळेत धावा केल्या की घर चालेल एवढी हमी होती. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी संघ मोडले, खेळाडूंची भरती आटली. आता वर आयपीएल, खाली खड्डा, मधली पायरीच नाही. पोरं तेवढीच चांगली आहेत हो.

कल्याण_फास्ट:
हे पटलं. धनावडेबद्दल मात्र तोंड सांभाळून. जानेवारी २०१६, आमच्या कल्याणचं मैदान, भंडारी कप. नाबाद १००९, संघाच्या ३ बाद १४६५. समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये गारद. मान्य, गोलंदाज लहान होते, एका बाजूची सीमारेषा जवळ होती. पण मैदान त्याने आखलं होतं का? पंधरा वर्षांच्या पोराच्या दारात कॅमेरे कोणी लावले? एमसीएने, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनने, महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. फॉर्म गेला तेव्हा वडिलांनी स्वतः पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. रिक्षा चालवणारा माणूस. एवढा स्वाभिमान ज्या घरात आहे त्याला "वाया" म्हणता?

आणि एक कोणी बोलत नाही. मैदानं सगळी तिकडे. आझाद, ओव्हल, क्रॉस, दादर-माटुंगा. आमची पोरं पहाटेच्या लोकलला लटकून जातात. रहाणे डोंबिवलीहून गेला, शॉ विरारहून, शार्दूल पालघरहून. त्याला शेवटी दिनेश लाड सरांनी बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. शिवाजी पार्कचा पोरगा उठून दात घासतो तोवर आमचा तास-दीड तास उभा राहून दमलेला असतो. कोण कसा निघाला हे मोजायचंच तर आधी स्टेशन विचारा.

ठाणे_लेडीज:
लटकून जातात ते जातात, त्या किट बॅगांचं काय? दारात आडव्या टाकून वर बसतात. ठाण्याला उतरताना माझ्या पायावर बॅटीसकट बॅग पडलेली आहे, नख गेलं. "सॉरी आंटी" म्हणून पोरगा परत मोबाइलमध्ये. उद्या हा इंडियाकडून खेळला तरी मी टाळी वाजवणार नाही.

कल्याण_फास्ट:
मग पोरांनी बॅग डोक्यावर घ्यायची का?

ठाणे_लेडीज:
लगेजचा डबा असतो.

कल्याण_फास्ट:
लगेजच्या डब्यात सकाळी कधी चढलायत? भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या आणि वर फुकटात घुसलेली निम्मी पब्लिक. बारा वर्षांचं पोर तिथे चिरडून निघेल.

टाइम्स_शील्ड:
आम्ही एकच बॅट काखेत घेऊन जायचो. पॅड क्लबचे, ग्लोव्हज क्लबचे, ओले असले तरी तेच. आता दहा वर्षांच्या पोराकडे तीन बॅटी आणि चाकांची पेटी.

कल्याण_फास्ट:
काका, तुमच्या वेळी सीझन बॉल कापसाचा होता का? हेल्मेट, थायपॅड, चेस्टगार्ड, सगळं आता लागतं. क्लबचे ओले ग्लोव्हज घालून बोटं मोडायची का?

टाइम्स_शील्ड:
"काका" म्हणून टोमणे मारू नकोस. कांगा लीगला चिखलात खेळलोय मी, पावसाळ्यात.

ठाणे_लेडीज:
नख माझं गेलं, आणि भांडताय तुम्ही दोघं.

सांगलीची:
इतकं रामायण झालं, त्यात खेळणारी मुलगी एक नाही. मुझुमदारच्या निमित्ताने विश्वचषक आला, पण जिंकणारीचं नाव कोणी घेतलं? आमची स्मृती मानधना. २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध २२४. जेमिमा रॉड्रिग्जचे २०१७ मध्ये नाबाद २०२. दोघी कुठे पोचल्या ते ऑस्ट्रेलियाला विचारा. उपांत्य फेरीत जेमिमाने नाबाद १२७ करून त्यांना घरी धाडलं. तुमच्या "चारशेवाले वाया जातात" या सिद्धान्तात या कुठे बसतात? आणि सांगलीत लोकल नाही हो. किट बॅग एसटीने जाते.

खडूस_अंधेरी:
ताई, त्या शालेय स्पर्धेच्या धावा नाहीत, असोसिएशनच्या आहेत. तिथे समोर निवडून आलेल्या गोलंदाज असतात. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत: शाळेतल्या आकड्याला अर्थ नाही, निवडीनंतरच्या आकड्याला आहे.

सांगलीची:
शालेय स्पर्धा मुलींसाठी होत्या कुठे धड? आधी ते सांगा, मग बाजू वाटून घ्या.

मैदानी:
सांगलीची, हे मात्र बिनतोड आहे.

खडूस, शाळेतल्या आकड्यावरून पुढचं कळत नाही हे मी पहिल्याच पोस्टीत म्हटलंय, तुम्ही अर्धी वाचलीत. रोहित शर्माला शाळेत घेतलं ते ऑफस्पिनर म्हणून. धावांचा आकडा बघून घेतलाच नव्हता. तुमचा राग आकड्यावर नाहीच, त्या फोन करणाऱ्या सरांवर आहे, आणि तो रास्त आहे. शाळांना शील्ड हवी, पोराची नववी कोणाला पडलीय? फी माफ करणाऱ्या शाळेने दहावीचा मास्तरही द्यावा, एवढी अट एमसीएने घालावी. नाहीतर त्या शाळेची एन्ट्री घेऊ नये.

खडूस_अंधेरी:
घातली अट! एमसीए वाटच बघत बसलीय तुमच्या धाग्याची.

मैदानी:
भाचा आता काय करतो?

खडूस_अंधेरी:
बोरिवलीला टर्फवर कोचिंग. आठ-नऊ वर्षांची पोरं.

टाइम्स_शील्ड:
म्हणजे खेळातच आहे की. पैसे बरे मिळतात?

खडूस_अंधेरी:
माझ्यापेक्षा जास्त. खूश? लिहून घ्या. पण ताईसमोर हे बोलू नका, तिला अजून वाटतं तो बी.कॉम. पूर्ण करणार आहे. आणि परवा त्याने कोणाच्या तरी आईला सांगितलं, "तुमच्या मुलात स्पार्क आहे." मी तिथेच उभा होतो. कान उपटावेसे वाटले.